खवट चरबी, न टोचलेलं नाक

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. पहाटे साडेपाचला कल्याणहून निघालो तेव्हा खिशात दोन हजार रुपये रोख होते, टाकी भरलेली होती आणि गाडीत आम्ही दोघंच होतो, मी आणि माझी पुतणी मुक्ता. मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेली गार पेटी होती. काम एका दिवसाचं, दुपारी दोनपर्यंत परत, असं घरी सांगितलं होतं. तो अंदाज चुकला. तो चुकला नसता तर मला लिहिण्यासारखं काही मिळालं नसतं.

माझं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे. मुक्ता डॉक्टर आहे, पण दवाखाना न थाटता मुंबईत रक्तावर संशोधन करते. ज्या घरी आम्ही गेलो त्या घरातल्यांची नावं मी बदलली आहेत. मजकूर त्यांना वाचून दाखवला आहे आणि त्यांच्या परवानगीनेच देतो आहे.

जाण्याचं कारण वनिता. आटगावच्या पुढे महामार्ग सोडून आत गेलं की माहुलीच्या डोंगराखाली एक पाडा लागतो. वनिता तिथली मुलगी. गेल्या उन्हाळ्यात तिने शहापुरात दाढ काढली आणि रक्त तीन दिवस थांबलं नाही. दंतवैद्याने मुंबईला पाठवलं. तिथे नेहमीच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, पण मुक्ताच्या विभागात जी वेगळी तपासणी झाली तिच्यात दोष दिसला. आता वनिता सात महिन्यांची गरोदर होती. मुक्ताच्या वरिष्ठांनी स्पष्ट सांगितलं होतं की बाळंतपण मुंबईतच व्हायला हवं, हव्या त्या रक्तपिशव्या हाताशी असतील अशा ठिकाणी. नाहीतर जिवाला धोका आहे.

वनिताच्या आई हिराबाई हे मानायला तयार नव्हत्या. आरोग्य केंद्र पाड्यापासून तीन किलोमीटरवर, आणि हातातल्या रिपोर्टवर सगळीकडे नॉर्मल लिहिलेलं. वनिताचे वडील हयात नाहीत. नवरा आसनगावला कारखान्यात आहे. तो म्हणाला, आई म्हणतील तसं. पहिलं बाळंतपण माहेरचं, तेव्हा शब्द हिराबाईंचाच. मुक्ताला वनिताचं रक्त पुन्हा हवं होतं, तुलनेसाठी हिराबाईंचं हवं होतं आणि वनिताच्या मुरबाडकडे दिलेल्या आत्याचंही हवं होतं. पण तिची खरी धडपड हिराबाईंचं मन वळवण्यासाठी होती.

पडघ्याचा चहा

पडघ्याला चहासाठी थांबलो. मी विचारलं, "त्या मुलीच्या रक्तात नक्की काय बिघडलंय? मला समजेल असं सांग."

"काका, तेल खवट होतं म्हणजे काय होतं?"

"जुनं होतं."

"तेलातल्या चरबीला हवेतला ऑक्सिजन चिकटतो. आपण असलं तेल फेकून देतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी हेच काम मुद्दाम करतात. जखम झाली किंवा जंतू शिरले की पेशी आपल्याच आवरणातली थोडी चरबी सुटी करते आणि तिला ऑक्सिजन जोडते. त्यातली काही बाहेर सोडते, इतर पेशींना निरोप म्हणून. पण बरीचशी काही मिनिटांत परत आवरणातच शिवून टाकते."

"खराब वीट परत भिंतीत लावायची?"

"खराब नाही, बदललेली. आवरण म्हणजे चरबीचे दोन थर. शेपट्या आत, डोकी बाहेर पाण्याकडे. ऑक्सिजन जोडलेल्या शेपटीला आतल्या तेलकट भागात करमत नाही, ती वाकून पाण्याकडे येते. त्यामुळे पेशीचा पृष्ठभाग बदलतो आणि रक्त गोठवणारी प्रथिनं तिथे घट्ट बसतात. रक्तातल्या बारीक चपट्या कणिका, प्लेटलेट, त्याही असंच करतात."

"मग सगळीच बाहेर सोडून का देत नाहीत? शिवत बसण्यापेक्षा सोपं."

"सोडली तर रक्ताबरोबर वाहून जाईल. गाठ जखमेवर हवी, अंगभर नको."

हे उत्तर मला पटलं. साठवण्याची जागाच काम ठरवते, असं काही मी आजवर ऐकलं नव्हतं. अशी चरबी एका पेशीत किती असते, हेही विचारलं. मुक्ता म्हणाली, "तेच मोजायला तर चाललोय."

वनिताच्या पेशी हे सगळं करत होत्या, फक्त ती चरबी आवरणाच्या आतल्या थरातच राहत होती. बाहेरच्या थरात यायची वाट बंद. मग रिपोर्ट नॉर्मल कसा? तर नेहमीच्या तपासणीत पेशी काढून टाकतात आणि उरलेल्या पाण्यात प्रयोगशाळेतली चरबी बाहेरून घालतात. त्यामुळे रक्त वेळेत गोठतं. मला लगेच कळलं. काटा तपासताना कोणी पारड्याला खालून बोट लावलं तर काटा बरोबरच दिसणार.

पाड्यावर

आटगाव सोडल्यावर उजाडलं. काटेसावरीला एकही पान नव्हतं, नुसती लाल फुलं. शेतात राब भाजायला सुरुवात झाली होती. भात लावण्याआधी रोपांच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरून जाळतात, त्याचा गोडसर धूर रस्ताभर होता. आमच्या साताऱ्याकडे ही पद्धत मी पाहिलेली नाही.

साडेसातला पोचलो. अंगण सारवलेलं, ओटीवर सतरंजी घातलेली. हिराबाई पन्नाशीच्या, सडपातळ, आवाज खणखणीत. वनिता भिंतीला टेकून बसली होती. मुक्ताने हात धुतले, सुया काढल्या आणि सवयीने विचारलं, "रात्रीपासून काही खाल्लं नाहीस ना?"

वनिता आईकडे बघायला लागली.

"खाल्लं तर," हिराबाई म्हणाल्या. "पाचला उठून कोंबडी केली. दोन भाकऱ्या खाल्ल्या तिनं, मी पन खाल्ली. तुमची ठेवलीय झाकून."

"अहो मावशी, फोनवर दोनदा सांगितलं होतं, उपाशीपोटी लागतं. जेवल्यावर रक्तात चरबी वाढते. मला चरबीच मोजायची आहे."

"सांगितलंस गो. पन तू डॉक्टर, मी आई. रगत काढाया येनार, मंग पोटात काय नसंल तर रगत येनार कुठून?"

वनिता खाली बघत म्हणाली, "मी नको बोलत होते. हिनं समोर बसून खायला लावलं."

"हाडं पन चोखून खाल्लीस. मी काय तोंडात कोंबली?"

मुक्ता ओटीच्या कडेवर बसली. माझ्या दुकानात कोणी ग्राहक काटा तपासायला आणताना तो तेलपाणी करून, चकचकीत पुसून आणतो आणि त्या पुसापुशीतच तो बिघडवून ठेवतो. तसंच हे. राग कोणावर धरायचा? घेतलेले नमुने दुपारपर्यंत मुंबईत पोचायला हवे होते, म्हणजे उद्या पहाटेवाचून गत्यंतर नव्हतं. मी घरी फोन केला. बायको म्हणाली, "कोंबडी खाताय ना? मग काळजी मला कशाला सांगता." आत्याला मुक्ताने फोन लावला आणि रविवारी सकाळपर्यंत उपाशी राहायला सांगितलं. तिकडून उत्तर आलं, "ऱ्हाते. माज्यापाशी कोन कोंबडी कापनारं नाय."

असा एक मोकळा दिवस मिळाला. झाकलेली कोंबडी खाल्ली. सोबत नाचणीची भाकरी आणि काळी चटणी. चटणीची चव ओळखीची वाटली म्हणून विचारलं, तर ती खुरासणीची. आमच्याकडे त्यालाच कारळे म्हणतात. इथे भाताची लावणी झाली की माळावर पेरतात, तेलही काढून आणतात.

भिंतीतल्या कोनाड्यात त्याच तेलाची एक जुनी बाटली होती. बूच काढलं तर वास नाकात बसला.

"हे टाकून का देत नाही?"

"दारासाठी हाय ते," हिराबाई म्हणाल्या. "चौकट, नांगर, कोयत्याची मूठ. नवं तेल लाकडाला चिकट चिकट ऱ्हातं. जुनं झालेलं बसतं."

मुक्ताने बाटली हातात घेतली, वास घेतला आणि चौकटीवर बोट फिरवून बघितलं. बराच वेळ ती बोट चोळत होती.

दुपारी तिने हिराबाईंना सगळं नीट समजावलं. आवरण, शेपट्या, नळीत बाहेरून घातलेली चरबी. हिराबाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बाहेरची घातल्यावर गोठतंय ना? मंग बाहेरचीच घाला तिला."

"तेच तर म्हणते मावशी. दुसऱ्या माणसाच्या प्लेटलेटची पिशवी चढवायची. ती मुंबईत मिळते, केंद्रावर नाही."

हिराबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "मुंबईत तिला पानी कोन तापवून देनार? शेक कोन देनार? इथं मी हाय." त्यांच्या दृष्टीने धोका तिकडे होता, अनोळखी लोकांत मुलगी एकटी पडण्याचा. 

भिंतीवरचा फोटो

ओटीच्या भिंतीवर वनिताच्या लग्नाचा मोठा फोटो होता. मला कमानी, चिमटे, असल्या बारीक वस्तूंकडे बघायची खोड आहे. नथ दाबाची दिसली. सहज विचारलं, "नाक टोचलेलं नाही का?"

वनिता एकदम उठून आत गेली. हिराबाईंनी तांदूळ निवडायचं थांबवलं.

"ह्यांच्या घरच्या लेकींची नाकं टोचत नाय. देवीला चालत नाय म्हनं. मी बाहेरून आलेली, माजं टोचलेलं हाय. माज्या माहेरी नवरीची नथ दाबाची म्हंजे लाज. मी लगनाआधी सोनाराला घरी बोलावलं. तर ही नणंद आली मुरबाडहून. चार बायकांसमोर सोनाराचं ताट उलटं केलं. म्हनाली, पोरीला हात लावशील तर बघ. दोन वरसं झाली, मी तिच्याशी बोलत नाय."

मुक्ताने विचारलं, "वनिताचे कान कधी टोचले?"

"बारशाला."

"रक्त आलं होतं?"

"सांजपातुर फडकं धरून बसले होते. सोनाराचा हात जड व्हता."

"आत्यांचं नाक?"

"तिचं पन नाय. तिला तर चिमट्याची पन नथ नको."

 मुक्ता हळूच म्हणाली, "देवीला चालत नाही हे पहिल्यांदा कोण म्हणालं, ते आत्यांना विचारायला हवं."

"तिला कशाला इचारायचं? ती देवीचंच नाव घेनार." हिराबाईंनी तांदळाचं सूप आपटलं. पण संध्याकाळी वालाचं बिरडं वाढताना आपणहून म्हणाल्या, "उद्या मी येते गाडीत. ती काय बोलते ते माज्या कानानं ऐकते."

रविवार, सापगावमार्गे

पहाटे दोघींचं रक्त घेतलं. दोघी खरोखर उपाशी होत्या. हिराबाईंनी चुलीला हातसुद्धा लावला नव्हता. सुई टोचताना वनिता शांत होती आणि हिराबाईंनी डोळे मिटले होते. वनिताच्या कोपराशी मुक्ताने कापूस बराच वेळ दाबून धरला. मी घड्याळ लावणार होतो, पण त्या मुलीच्या तोंडाकडे बघून लावलं नाही. शेजारची बाई वनिताच्या सोबतीला आली आणि आम्ही तिघं निघालो. नमुन्यांतले काही गार पेटीत होते आणि काही साध्या डब्यात, कारण प्लेटलेटना गारठा सोसत नाही.

शहापूर, सापगावचा पूल, किन्हवली, सरळगाव. या रस्त्याला महामार्गाची घाई नाही. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खुंटं होती आणि ओढ्यावर पंप असलेल्या जमिनी तेवढ्या हिरव्या होत्या. समोर सह्याद्रीची भिंत जवळ येत गेली. हिराबाई मागे बसून रात्रीची बांधून घेतलेली भाकरी खात होत्या. मला म्हणाल्या, "भावोजी, तुमच्यात नणंदा अशाच असतात का?"

मी म्हणालो, "माझी बहीण कल्याणला येते तेव्हा बायको तिच्यासाठी पुरणपोळी करते आणि स्वतः माहेरी जाते."

"बरं करते," हिराबाई म्हणाल्या.

सरळगाव सोडून डोंगराच्या दिशेने वळलो. आत्या शेतातच भेटल्या. सत्तरीच्या आसपास, हातांना फडकी गुंडाळलेली, टोपलीत भेंडी. भेंडीची लव अंगाला खाजते म्हणून तोडताना हात असे बांधतात. भेंडी दिवसाआड तोडावीच लागते, एक तोडा चुकला की ती जून होते आणि व्यापारी घेत नाही. उपाशीपोटी त्यांनी अर्धं शेत उरकलं होतं.

हिराबाईंना बघून त्या म्हणाल्या, "आलीस? दोन वरसांनी पाय वळले."

"तुज्याकडं नाय आले. ह्या डॉक्टरीनबाईसंगं आले."

बांधावर आंब्याखाली बसूनच मुक्ताने त्यांचं रक्त घेतलं. आत्या मोहराकडे बघत होत्या. कापूस दाबून धरताना मुक्ताने वनिताच्या दाढेचं, बाळंतपणाचं, मुंबईचं सगळं सांगितलं आणि मग विचारलं, "आत्या, नाक टोचायचं नाही हे कोणी ठरवलं?"

"देवीनं."

"बघा," हिराबाई म्हणाल्या.

 आत्या हाताची फडकी सोडायला लागल्या.

"देवीनं नाय. माज्या आईनं. माजी थोरली बहीण व्हती, बायजी. नऊ-दहा वरसांची. जत्रेत नाक टोचलं. रगत राहीना. हळद भरली, चुना भरला, कोळ्याचं जाळं भरलं. तिसऱ्या दिशी पोर गेली. आईला पन महिन्याच्या वेळी, कुठं खरचटलं की असंच व्हायचं, तिनं ओळखलं. मंग तिनं सगळ्यांना सांगितलं, देवी सपनात आली, लेकींची नाकं टोचू नका बोलली. आईचं कोन ऐकनार व्हतं? देवीला कोन उलटून बोलनार नाय."

"तुज्या दादाला म्हाईत व्हतं?" हिराबाईंनी विचारलं. दादा म्हणजे त्यांचे यजमान, आत्याचे भाऊ.

"नाय. बाप्यांना कुठं नाक टोचायचं असतं? आईनं मरताना मला एकटीला सांगितलं."

"मंग मला सांगायचंस. चार बायकांत सोनाराचं ताट उलटं केलंस, त्यापेक्षा घरात बसवून सांगायचंस."

"आनि तू काय केलं असतंस? माहेरी जाऊन बोलली असतीस, ह्यांच्या पोरी रगताच्या कच्च्या. वनिताचं लगीन झालं असतं का? तुजे शिव्याशाप परवडले मला."

 हिराबाई टोपलीतली एक भेंडी उचलून तिचं टोक मोडत राहिल्या. भेंडी कोवळी आहे का ते बघायची ती रीत आहे, पण त्यांचं लक्ष भेंडीत नव्हतं.

"तुज्या धाकट्याच्या बाळंतपणात तू कल्यानला व्हतीस महिनाभर," त्या शेवटी म्हणाल्या. "मला सांगितलं, कावीळ झाली."

"कावीळ नाय झाली. मेले व्हते जवळजवळ. कोनाकोनाचं रगत चढवलं, तवा उठले."

गाडी निघायची वेळ होत होती. पेटीचं तापमान मी दोनदा बघितलं, तेवढंच माझं काम होतं. मुक्ता रक्ताच्या नळ्यांवर नावं लिहीत होती, आणि ते मला आवडलं. आदल्या दिवशी ती फार बोलली होती.

मग हिराबाईंनी तिला विचारलं, "त्या मुंबईच्या दवाखान्याजवळ चूल मांडून देतात का? नायतर गॅसची सोय? मी किती तांदूळ घेऊ?"

मुक्ता म्हणाली, "नातेवाइकांसाठी धर्मशाळा आहे. गॅस मिळतो. दोन माणसं राहू शकतात."

"दुसरी मी," आत्या म्हणाल्या. "हिला लोकलमधून कुठं उतरायचं ते कळत नाय. घाटकोपरच्या ठिकानी ठान्याला उतरंल."

"आनि तुजी भेंडी?"

"जून होईल. होऊ दे."

"होऊ दे काय? वरसाचं पैसं येतात ते तुला आत्ताच," हिराबाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून गाडीकडे चालायला लागल्या.

आत्यांनी आमच्या हातात भेंडीची पिशवी दिली. मुरबाडवरून कल्याण, कल्याणहून मुंबई. हिराबाईंना मुरबाडला शहापूरच्या जीपमध्ये बसवून दिलं. नमुने बारा वाजून वीस मिनिटांनी प्रयोगशाळेत पोचले.

नंतरचं

आत्याच्या पेशी वनिताच्यासारख्याच निघाल्या. बदललेली चरबी तयार होते, आवरणात शिवलीही जाते, पण आतच अडून राहते. हिराबाईंच्या पेशींत ती हवी तशी बाहेरच्या थरात आलेली होती. आकडा विचारला तर मुक्ताने सांगितला नाही. अजून दोनदा मोजल्याशिवाय आकडा बोलायचा नाही, असा तिच्याकडचा नियम आहे. नियम चांगला आहे. या दोषाचं मूळ नेमकं कुठे आहे ते अजून ठरायचं आहे.

मार्चच्या शेवटी वनिता मुंबईत बाळंत झाली. रक्तस्राव सुरू झाला तसा वाढत गेला. प्लेटलेटच्या पिशव्या तयार होत्या, एक चढवली, दुसरी अर्धी गेल्यावर थांबला. मुलगी झाली. पाणी हिराबाईंनीच तापवलं, शेक आत्यांनी दिला, आणि धर्मशाळेत दोघींचं मिठावरून रोज भांडण होत होतं असं मुक्ता सांगत होती. बाळाचे कान टोचायचे नाहीत, हे या वेळी वनिताने स्वतः सांगितलं. कारणही सांगितलं, सासूला आणि नवऱ्यालाही. सासू म्हणाली, मुलीला चिकटवायच्या कुड्या मिळतात.

दोघी तिकडे बारा दिवस होत्या. आत्याच्या शेतातली भेंडी त्या दिवसांत जून झाली नाही. गावातल्या दोन बायका दिवसाआड तोडत होत्या. त्यांना कोणी सांगितलं हे आत्यांना परत आल्यावर कळलं. सहा तोड्यांची दोघींची मजुरी अडीचशेने तीन हजार झाली. हिराबाई जीप बदलत मुरबाडकडे गेल्या, आत्या नको नको म्हणत असताना शेताच्या बांधावर बसल्या आणि ते तीन हजार त्या दोघी बायकांच्या हातात मोजून दिले.